मुरत ठेवलेलं तेल

कपाटात त्या रविवारी एकोणीस कुप्या आणि तीन बरण्या होत्या. कुप्यांपैकी अकरा भरलेल्या, पाच निम्म्या, दोन तळाला आलेल्या आणि एक रिकामी. ती रिकामी कुपी आई टाकत नव्हती, कारण तिचं बूच दुसऱ्या एका कुपीला बसत होतं. बरण्यांपैकी दोन लहान. तिसरी मोठी, जाड काचेची, घासून बसवलेल्या काचेच्याच बुचाची, मागच्या कोपऱ्यात काळ्या कापडात गुंडाळलेली. ती थोरली. आई अत्तराची तेलं करते आणि प्रत्येक तेलाला घरातल्या माणसासारखं नाव देते. दुकान नाही, पाटी नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर देवदार, वाळा, राळ, गुलाब, संत्र्याची साल यांचे अर्क बिनवासाच्या पातळ तेलात थेंबाथेंबाने मिसळते आणि अंधारात मुरायला ठेवते. कुठलं सहा महिने, कुठलं वर्ष. थोरली आठ वर्षं मुरत होती. दर रविवारी अंघोळ झाली की, मी अजून साबणाशिवाय दुसऱ्या कशाला हात लावलेला नसताना, आई कपाट उघडते आणि एकेक कुपी माझ्या हातात देते. मी मनगटाला लावायचं, वास घ्यायचा, सांगायचं. कारण आईला वास येत नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिला एक लांबलेला ताप आला आणि तापाबरोबर नाकही गेलं. आम्हाला ते कळलं दुधामुळे. ती शेगडीसमोर उभी होती, हातात पळी होती, आणि पातेल्यात दूध करपून काळं झालं होतं. मी बाहेरून धावत आले तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं?" थोरली त्या तापाच्या आधी घातलेली. आई म्हणायची, "ही माझी एकटीची. बाकीची आपल्या दोघींची."

"काय गं, थोरली काय म्हणते?" आईने विचारलं. थोरलीला आम्ही वर्षातून एकदाच उघडत असू. मी मनगटावर काचकांडीने एक रेघ ओढली, थोडं थांबले, वास घेतला. पुन्हा घेतला. तेल होतं, मनगट होतं, तेलाखाली माझी नाडी उडताना दिसत होती. "आई, ही गेली." "गेली म्हणजे? कडवट झालीय?" "नाही. काहीच नाही. नुसतं तेल." "दुसऱ्या हाताला लाव." मी लावलं. "कोपराच्या आत लाव, तिथे ऊब असते." तिथेही लावलं. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. गेली कित्येक वर्षं ती तेलांचा वास माझ्या चेहऱ्यावरच घेत आलेली आहे. "तू शास्त्र शिकलीस," ती म्हणाली. "असं होतं का?" मी म्हटलं, होतं. बूच झिजलं असेल, हवा जात असेल. हलके रेणू आधी उडतात, मग जड. उरलेल्यांचं हवेतल्या ऑक्सिजनने दुसरंच काहीतरी होतं. मी सगळं नीट, क्रमाने सांगितलं. सांगताना मला थोडं बरंही वाटत होतं, कारण एखाद्या वाईट गोष्टीचं कारण देता आलं की ती गोष्ट अर्धी माझ्या हातात आल्यासारखी वाटते. आईने ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. मेलेलं तेल ती घरात ठेवत नाही. म्हणते, बरणी अडवून बसतं. शिवाय आईकडून नेहमी तेल घेणाऱ्या बँकेतल्या बाईंची मोठी मागणी होती आणि तेवढी बरणी दुसरी नव्हती. तिने थोरली सिंकमध्ये ओतली, वर आधण ओतलं, धुण्याचा सोडा टाकून बरणी आतून खसखसून घासली आणि फडक्यावर पालथी घातली. मी तेव्हा कपड्यांच्या घड्या करत होते. ओतताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं, असं आता वाटतं. आई अशा कामांत फार स्वच्छ आहे.

दुपारी खाली कचरा टाकायला गेले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या, हातात पिशवी, पण कुठे निघाल्यासारख्या दिसत नव्हत्या. "अगं, काय केलंत काय आज तुम्ही?" त्या म्हणाल्या. "आख्खा जिना घमघमतोय. आमच्या बाथरूमच्या जाळीतून येतोय वास. मी ह्यांना म्हटलं, भाजी आणायला तुम्ही जा, मी आपली इथेच बसते." मी हसले. "कसला वास?" मी विचारलं, अगदी सहज. काकूंनी डोळे मिटले. "कसा सांगू गं. उन्हातून आलेल्या लाकडासारखा. आणि मागून काहीतरी गोडसर, पण गोड नाही. तुला येतोय की! तूच ओतलंस ना?" मी मान हलवली. मान हलवताना मी नाकाने जोरात श्वास ओढला. जिन्याची हवा आत आली, थंड, नाकपुड्यांच्या कडांना जाणवेल इतकी थंड, आणि तशीच बाहेर गेली. त्यात काही नव्हतं. कचऱ्याची पिशवीही माझ्याच हातात होती, तिचाही वास नव्हता, आणि हे मला त्या क्षणापर्यंत विचित्र वाटलं नव्हतं. कचऱ्याला वास येत नाही म्हणजे पिशवी नीट बांधलेली आहे, एवढंच मी समजत होते. वर आले तर आई दारातच. "काकू काय म्हणत होत्या?" "काही नाही. जिन्यात फिनेल जास्त टाकलंय म्हणे." "असेल," आई म्हणाली. तिला बिचारीला काय कळणार. आम्ही दोघी दारात उभ्या होतो आणि आमच्या मधून थोरली जिना चढत होती, उतरत होती, आणि आम्हा दोघींनाही ती जाणवत नव्हती.

तेव्हापासून मी मागे जाऊन बघते आहे की शेवटचा वास कुठला. हे मोजता येत नाही. दिवा गेला तर कधी गेला ते सांगता येतं; वास असा जात नाही. मला थोरली तिच्या प्रत्येक वयात आठवते. पहिल्या वर्षी ती कोऱ्या बुटासारखी चावायची: वर संत्र्याच्या सालीचा टोचणारा फवारा, त्याच्याखाली टर्पेंटाइनसारखं काहीतरी, दहा मिनिटांत डोकं धरायचं. ती लावून मी परीक्षेला बसले होते आणि पुढच्या मुलीने खुर्ची आणखी पुढे सरकवली होती. तिसऱ्या वर्षी संत्रं गेलं. मला वाईट वाटलं, आई म्हणाली, जाऊ दे, ते पाहुणं होतं. मग देवदार वर आला, आधी ओला, नंतर कोरडा. पाचव्या वर्षी पहिल्यांदा राळ आणि गुलाब वेगळे राहिले नाहीत; मनगट नाकाशी नेलं की उन्हात तापलेल्या लाकडी बाकावरून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय असं वाटायचं, आणि ती ऊब लाकडाची की माणसाची ते ठरवता यायचं नाही. ती एक रेघ सकाळी लावली तर संध्याकाळी बाहीच्या आत सापडायची. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हेच हवं होतं मला. मला वाटलंच होतं असं होईल." तिला ते स्वतःला कधीच मिळालं नाही. तिला माझं वाक्य मिळालं. त्या वेळी मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही, आपण कुणाचं तरी नाक असणं.

पण त्यानंतरची वाक्यं? मी ती एकेक काढून बघते. "छान बसलंय." "अजून जरा कडक आहे." "गोल झालंय आता." ही सगळी मी गेल्या वर्षभरात म्हटली आहेत, रविवारी रविवारी, मनगट नाकाशी नेऊन, डोळे मिटून. आणि आता मला पक्कं वाटतं की मी त्यातली कित्येक वास घेऊन म्हटलेली नाहीत. कुपीवरचं नाव वाचलं की वास मनात आपोआप येतो, तेल किती महिन्यांचं आहे हे ठाऊक असलं की तो किती बदलला असेल हेही येतं, आणि नाकाशी मनगट नेणं हा फक्त त्या आठवणीला हाक मारायचा एक प्रकार उरतो. मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखरच वास येत होता, फक्त तो कुपीतून येत नव्हता. थोरलीच्या बाबतीत मात्र मी काहीच ठरवून ठेवलं नव्हतं. आठव्या वर्षी ती कशी असेल याची मला खरी उत्सुकता होती, म्हणून मी मन रिकामं करून वास घेतला. एवढ्या सगळ्या रविवारांत तो एकच वास मी प्रामाणिकपणे घेतला आणि त्यानेच तिला मारलं. राळेचे जड रेणू अशा बुचाखालून आठ वर्षांत उडून जात नाहीत. परीक्षेत विचारलं असतं तर मी हे बरोबर लिहिलं असतं.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गढूळपणा, क्षार, जंतू, हे सगळं यंत्रं आणि काचेची भांडी सांगतात, पण पाण्याचा वास अजूनही माणूसच सांगतो: चंबूत पाणी कोमट करायचं, बूच काढून लगेच नाक न्यायचं. सोमवारी मी चंबू शेजारच्या टेबलावरच्या जोडीदाराला दिला. "जरा बघ ना, मला सर्दी आहे." त्याने नाक नेलं आणि मान अशी मागे घेतली की चष्मा खाली आला. "अरे देवा. गटार मिसळलंय यात. तू हे घेतलंस नाकाशी? धन्य आहेस." मी म्हटलं, सर्दी आहे म्हटलं ना. तो म्हणाला, "सर्दी कसली, तुझ्या हातून गेले कित्येक महिने एकही पाणी वाईट निघालेलं नाही. आम्ही म्हणतोय, हिचा हात शुद्ध आहे." सगळे हसले, मीही. मग मी तो चंबू पुन्हा एकटीने घेतला. आत पाणी होतं, कोमट वाफ होती, ती वरच्या ओठाला लागत होती. त्याच आठवड्यात नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, म्हणाले नाक अगदी स्वच्छ आहे, असं लाखात एखाद्याचं असतं. मी म्हटलं, वास येत नाही, आईलाही येत नाही. ते लिहिता लिहिता म्हणाले, "दिसतंय ना व्यवस्थित? ऐकू येतंय? मग एवढं काय. कधीकधी येतो परत." "कधीकधी म्हणजे किती जणांना?" मी विचारलं. त्यांनी वर पाहिलं. असले प्रश्न त्यांना आवडत नसावेत. "आईलाही नाही का तुमच्या? मग बघा," ते म्हणाले, जणू आईचा एखादा दागिना माझ्याकडे आला होता.

घर मला आता वेगळंच दिसतं. मी शेगडीचं बटण दोनदा फिरवून बघते, मग परत येऊन तिसऱ्यांदा. आई ते कधीच बघत नसे; गॅस सुटला तर मुलीला कळेल, म्हणायची. उशीला नाक लावलं तर कापडाचा खरखरीतपणा लागतो. आईच्या खांद्याला मागून मिठी मारली तर एक उबदार, थोडं हाडकुळं माणूस मिळतं, पण ती आईच आहे हे मला डोळे उघडून बघावं लागतं. हे सगळ्यांत भयंकर आहे आणि कुणाला सांगितलं तर चमत्कारिक वाटेल. घरात राहून घराच्या बाहेर, काचेपलीकडे. मला अजूनही संत्र्याची साल आठवते का, हे मी झोपताना तपासते. आठवते. पण आठवण ही वासासारखी नसते, ती त्या शब्दासारखी असते, आणि शब्द झिजतो. आईला तापाआधीची थोरली आठवते का, हे मी तिला कधीही विचारलेलं नाही. आता विचारायची सोय राहिलेली नाही.

शनिवारी कामावरून आले तर आई टेबलाशी बसली होती. समोर ती मोठी बरणी, कोरडी, लखलखीत, आणि आत काही नाही. बँकेतल्या बाईंचं तेल अजून घातलेलं नव्हतं. "काकूंनी जिन्यात खुर्ची आणून ठेवलीय," ती म्हणाली. "म्हणतात, वास आता कमी व्हायला लागला, जाईपर्यंत बसते." मी चपला काढत होते, त्या काढतच राहिले. "तू मला फिनेल म्हणालीस." "हो." "बैस." मी बसले. आई आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलायला काहीतरी मिळालं असतं. "कधीपासून?" "नक्की माहीत नाही." "असं कसं माहीत नाही? माझं मला माहीत होतं." "तुझं तापात एकदम गेलं, आई. माझं हळूहळू गेलं. मला कळलंच नाही." "सर्दी असेल." "सर्दी नाही. डॉक्टरांनी पाहिलं." "म्हणजे डॉक्टरांना सांगितलंस." "हो." "त्या तुझ्या प्रयोगशाळेतल्यांना?" "नाही. त्यांना सर्दी सांगितली." ती बरणीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मग मला काकू सांगणार. काकूंना लसूण आणि गुलाब यातला फरक मी शिकवलाय." तिचं बोट थांबलं. "आधी सांगितलं असतंस तर," ती म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "काय केलं असतंस तू?" हे मी चिडून म्हटलं, आणि म्हटल्या म्हटल्या कळलं की या प्रश्नाला उत्तर आहे. आईने ते फार साधेपणाने दिलं. "थोरली ठेवली असती," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी त्या कपाटाकडे बघत बसलो. एकोणीस कुप्या, दोन बरण्या. त्यातलं कुठलं मुरलंय, कुठलं नासलंय, कुठलं मी वर्षभर नुसतं नाव वाचून छान म्हटलंय, हे या घरात आता कुणीच सांगू शकत नव्हतं. काकूंना बोलावता आलं असतं. पण काकू म्हणतील, फार छान, आणि फार छान म्हणजे काय ते आईला कळणार नाही. आईची भाषा फक्त मला येते. आई मध्येच म्हणाली, "अगदीच गेलं नसेल. थोडं तरी उरलं असेल. उरलं असेल तर आपण त्यावर भागवू. तू मोजायला शिकलीस ना? मग मोज की." तिच्या बोलण्यात इतकी आशा होती की मला तिच्याकडे बघवेना. पण मोजायला पाहिजे हे खरं होतं. रोज थोडं येतंय असं वाटणं आणि थोडं येणं, यातला फरक बाहेरूनच कळतो. मी तिला पद्धत सांगितली. तीन काड्यांना तीन कापसाचे फाये. दोन नुसत्या बिनवासाच्या तेलात बुडवायचे, एक अत्तरात. माझे डोळे बांधायचे. तिन्ही एकेक करून नाकाखाली धरायचे, मी अत्तराचा कितवा ते सांगायचं. क्रम दर वेळी बदलायचा, फाये दर वेळी नवे, माझ्या उत्तरावर काहीही बोलायचं नाही. असं अठरा वेळा. "अठरा कशाला? चार-पाच वेळा पुरे की," आई म्हणाली. मी म्हटलं, नाक नसलेला माणूसही नुसत्या अंदाजाने तिनातून एकदा बरोबर येतो, म्हणून कमी वेळा करून उपयोग नाही. अठरात अंदाजाचे साधारण सहा येतील, आणि जे काही माझं असेल ते सहाच्या वर. "म्हणजे सहाच्या वर हवेत," आई म्हणाली. "हो." "बारा आले तर?" "बारा आले तर भरपूर उरलंय." ती उठली आणि शिवणाच्या डब्यातून अठरा बटणं मोजून घेतली, दोन वाट्या घेतल्या. बरोबर आलं की डावीकडच्या वाटीत, चुकलं की उजवीकडच्या. पण वाटीचा आवाज मला कळेल म्हणून तिने दोन्ही वाट्यांत रुमाल घातले. हे मी सांगितलं नव्हतं, तिला सुचलं.

अत्तर तिने सगळ्यांत नवं घेतलं, महिन्याभराचं, अजून अजिबात न मुरलेलं. मुरलेलं तेल शांत असतं, नवं ओरडतं. काकू असत्या तर दुसऱ्या खोलीत गेल्या असत्या. तिने माझ्या डोळ्यांवर थोरलीचंच काळं कापड बांधलं. घरात तेवढं लांब दुसरं नव्हतं. "घट्ट होतंय?" "नाही." पहिला फाया आला. कापूस माझ्या ओठाच्या वर हलकेच टेकला आणि बाजूला झाला. दुसरा. तिसरा. "दुसरा," मी म्हटलं, आणि मला खरंच वाटलं होतं की दुसऱ्यात काहीतरी होतं, एक किंचित उंची, पायरी चढल्यासारखी. आई काही बोलली नाही. कापडाचा खसखस आवाज, काडीचा आवाज, पुन्हा. "पहिला." पुन्हा. "पहिला. नाही, थांब. तिसरा. तिसराच." माझ्या मनात संत्रं येत होतं, जात होतं, आणि ते कुठल्या फायाबरोबर आलं हे मी जीव एकवटून पकडायला बघत होते. एकदा देवदार आला, इतका स्वच्छ, की मी हसले. आईचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्याच्यावरून काही ओळखू नये म्हणून ती तो धरून ठेवत होती, मग मान वळवून सोडत होती. मध्येच तिचा हात माझ्या गालाला लागला, तेलकट, गार. तो अत्तराचा हात होता की नुसत्या तेलाचा, मी विचारलं नाही. शेवटच्या वेळी मी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. "पुन्हा धर," म्हटलं. तिने धरले. "पुन्हा." तिने पुन्हा धरले. "दुसरा," मी म्हटलं.

आईने गाठ सोडली. उजेड डोळ्यांत गेला. तिने दोन्ही वाट्या माझ्याकडे सरकवल्या, रुमाल उलगडले आणि म्हणाली, "तूच मोज." मी मोजली, मग क्रम बदलून पुन्हा मोजली, मग तिने मोजली. उजवीकडच्या वाटीत बारा बटणं होती. डावीकडच्या वाटीत सहा.